लाकडाची राख की गोवरीची?

ठाण्यात बाल्कनीत कुंड्या लावणाऱ्यांना येऊरच्या पाड्यावरून चुलीची राख सहज मिळते. गोवऱ्यांची राख आता गावाहूनच येते. दिसायला दोन्ही सारख्याच, पण कामं वेगळी.

कुंडीसाठी माझं मत लाकडाच्या राखेला. तिच्यात कॅल्शियम भरपूर, पोटॅशही बऱ्यापैकी. नत्र मात्र जळून गेलेलं असतं, त्यामुळे हिला संपूर्ण खत समजू नका. आपली कोकणपट्टीतली लाल माती बहुधा आम्लधर्मी, म्हणून टोमॅटो-वांग्याला चिमूटभर राख मानवते. अनंत, एक्झोरा या आम्लधर्मी माती लागणाऱ्या फुलझाडांच्या जवळही नेऊ नका. राखेने माती अल्कधर्मी झाली की त्यांना लोह मिळेनासं होतं आणि पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या. युरियाबरोबरही मिसळू नये, अमोनिया उडून जातो. आणि पावसात उघडी ठेवलेली राख घेऊच नका, तिच्यातलं पोटॅश आधीच वाहून गेलेलं असतं.

गोवरीच्या राखेत सिलिका जास्त, पोटॅश कमी. झाडांना फायदा बेताचा. पण पितळेची भांडी घासायला आणि वाल-मूग साठवायला हीच बरी. बारीक राख दाण्यांमध्ये बसली की किडीला हलायला जागा राहत नाही. लाकडाच्या ओल्या राखेने ॲल्युमिनियमचं पातेलं घासलं तर काळं पडतं, हातही चुरचुरतात.

होळीची राख? त्यात रंगवलेलं फर्निचर, प्लायवूड काहीही जळलेलं असतं. खाण्याच्या भाज्यांना तर अजिबात नको.