इतिहास की राज्यशास्त्र? बीएचा मुख्य विषय ठरवताना

शाळेत हे दोन्ही विषय एकाच पुस्तकात, एकाच बाईंकडे आणि एकाच पेपरात होते. पुढे जाडजूड इतिहास आणि मागच्या थोड्या पानांत नागरिकशास्त्र, तेही परीक्षेच्या आदल्या रात्री उरकायचं. त्यामुळे बीएला येणाऱ्या बऱ्याच जणांना ही सख्खी भावंडं वाटतात. ती तशी आहेतही, फक्त एसवायच्या प्रवेशाला स्पेशल एकाचाच घ्यावा लागतो. आता त्याला मेजर-मायनर म्हणतात, पेच तोच.

मी एफवायला दोन्ही घेतले होते. राज्यशास्त्र स्पेशल घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं आणि फॉर्म भरताना मी इतिहासावर खूण केली. राज्यशास्त्र जनरल म्हणून टीवायपर्यंत सोबत राहिलंच. म्हणजे एका घरात राहिलो आणि दुसऱ्या घरी रोज जेवायला गेलो. पुढचं सगळं त्या अनुभवावरून लिहितोय, तेव्हा त्याला तेवढंच वजन द्या.

आधी राज्यशास्त्राची बाजू, कारण ती मला खरंच मोठी वाटते. हा विषय तुलना करायला शिकवतो. इतिहासाच्या तासाला आम्ही जर्मनीतलं, हिटलरच्या आधीचं वायमार प्रजासत्ताक कसं कोसळलं ते शिकलो: महायुद्धातला पराभव, चलनवाढ, बेकारी आणि शेवटी ३० जानेवारी १९३३ ला हिटलर चॅन्सेलर. गोष्ट पूर्ण झाली. त्याच आठवड्यात राज्यशास्त्राच्या सरांनी विचारलं, दार कोणत्या कलमातून उघडलं? मग १९१९ च्या त्या राज्यघटनेतलं अध्यक्षांना आणीबाणीचे अधिकार देणारं ४८ वं कलम आलं. पुढे १९४९ मध्ये पश्चिम जर्मनीने काय बंदोबस्त केला तेही आलं: नवा चॅन्सेलर बहुमताने निवडल्याशिवाय जुन्याला संसद काढू शकत नाही. तिथून सर आपल्या ३५२ व्या कलमावर आले. १९७५ ची आणीबाणी ‘अंतर्गत अशांतता’ या शब्दांच्या आधारे लागली होती आणि १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने त्या जागी ‘सशस्त्र उठाव’ हे शब्द घातले. एका शब्दप्रयोगाने किती फरक पडतो हे त्या तासाला जसं कळलं, तसं इतिहासाच्या तीन वर्षांत क्वचितच कळलं.

केशवानंद भारती खटल्याचं तसंच. १३ न्यायाधीश, ७ विरुद्ध ६ असा निकाल आणि त्यातून निघालेली मूलभूत संरचनेची कल्पना, म्हणजे संसदेला घटना दुरुस्त करता येते पण तिचा गाभा मोडता येत नाही. ते दोन तास मी स्पेशलच्या मुलांमध्ये जाऊन बसलो होतो आणि आपण चुकीच्या घरात राहतोय की काय असं वाटलं होतं. पुढे एलएलबी करायचं असेल, पत्रकारितेत जायचं असेल, तर हा पाया थेट कामाला येतो.

मग खूण इतिहासावर का केली? कारण तसं किरकोळच आहे, पण खडा किती लहान यावर तो बुटात किती टोचतो हे ठरत नाही.

राज्यशास्त्राच्या प्रत्येक प्रकरणाची सुरुवात आमच्याकडे एकाच पद्धतीने व्हायची: अर्थ, व्याख्या, स्वरूप, व्याप्ती, महत्त्व. राज्य असो, सत्ता असो, अधिमान्यता असो, आधी पाच विचारवंतांच्या पाच व्याख्या. गार्नर म्हणतो, सीली म्हणतो, ब्राइस म्हणतो. हे कोण, कधीचे, कुणाशी भांडताना असं म्हणाले, काही नाही. नाव, विसर्गासारखी दोन टिंबं आणि अवतरणचिन्हांत एक वाक्य.

लोकशाहीच्या प्रकरणात पहिला मान अर्थात लिंकनचा. ‘लोकांचे, लोकांनी, लोकांसाठी.’ ही ‘व्याख्या’ मी कित्येकदा लिहिली असेल. मग इतिहासाच्या एका पेपरासाठी अमेरिकेचं यादवी युद्ध वाचताना ते अख्खं भाषण समोर आलं. १९ नोव्हेंबर १८६३, गेटिसबर्ग. जुलैमध्ये तीन दिवस तिथे लढाई झाली होती आणि मेलेल्या सैनिकांच्या दफनभूमीच्या समर्पणाचा कार्यक्रम होता. मुख्य वक्ते दुसरेच, ते सुमारे दोन तास बोलले. लिंकन दोनेक मिनिटं. त्याला कसलीच व्याख्या करायची नव्हती. ज्यांच्या घरची माणसं गेली त्यांना आणि अजून लढणाऱ्यांना तो सांगत होता, की असलं शासन पृथ्वीवरून नाहीसं होऊ द्यायचं नाही. आणि गंमत म्हणजे त्या भाषणात ‘लोकशाही’ हा शब्द एकदाही येत नाही.

मी उत्साहाच्या भरात हे सगळं अंतर्गत परीक्षेत लिहिलं. पाऊण पान गेटिसबर्ग. पाचपैकी दोन गुण आणि समासात लाल शाईत शेरा: ‘व्याख्या एकच!’ तो उद्गारचिन्हाचा दांडा अजून डोळ्यासमोर आहे.

त्यानंतर प्रत्येक विचारवंताच्या बाबतीत मला ती खाज सुटली. मॅकियाव्हेलीचे राज्यविषयक विचार सात मुद्द्यांत पाठ असायचे. पण हा माणूस १५१२ मध्ये सत्तापालटात फ्लॉरेन्सच्या नोकरीवरून गेला, पुढच्या वर्षी कटाच्या संशयावरून तुरुंगात त्याचे हाल झाले आणि सुटल्यावर ज्या मेडिची घराण्याच्या राजवटीत हे घडलं त्याच घराण्याची मर्जी मिळावी म्हणून त्याने ‘द प्रिन्स’ हा ग्रंथ लिहिला, हे मला इतिहासाच्या पुस्तकात सापडलं. सात मुद्दे तेच राहिले, पण ते आता गरजवंताने लिहिलेले वाटू लागले.

इतिहासाला साचे नाहीत असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे: राजकीय, सामाजिक, आर्थिक, बौद्धिक आणि शेवटी तात्कालिक. हा क्रम आम्ही मनाच्या श्लोकांसारखा म्हणायचो. शिवाय वाचन बेसुमार, आणि पेपरांचे कालखंड असे कापलेले की अमुक सालाच्या आधी जग होतं की नाही अशी शंका यावी. पुढे संशोधनात जायचं म्हटलं तर मोडी आली, फारसी आली, म्हणजे आणखी काही वर्षं. पण इतिहासाचा साचा मला ठिसूळ वाटला. कुणीतरी वर्गात विचारतं, ‘सर, ही कारणं आधीपासून होतीच ना, मग १७८९ च का?’ आणि पाच कारणांची रांग मोडते. १७८८ ची गारपीट, बुडालेलं पीक, पावाचे चढलेले भाव, रिकामा खजिना, सगळं पुन्हा मांडावं लागतं.

एकदा मॅडमनी सोळाव्या लुईच्या रोजनिशीतली १४ जुलै १७८९ ची नोंद फळ्यावर लिहिली: ‘काही नाही.’ पॅरिसचा बास्तिय हा तुरुंग-किल्ला पडला आणि राजा लिहितोय काही नाही! वर्ग हसला. मग त्या म्हणाल्या, ही वही मुख्यतः शिकारीची आहे. आज शिकार नाही, एवढाच तिचा अर्थ. आता सांगा, या नोंदीवरून राजा बेफिकीर होता असं म्हणता येईल का? तास संपला तरी भांडण चालू होतं. व्याख्यांच्या तासाला असं भांडण मी पाहिलं नाही. कदाचित तिथे भांडायला जागा होती आणि आम्हालाच दिसली नाही.

नोट्सचंही एक सांगतो. राज्यशास्त्राच्या सिनियरच्या नोट्स लवकर शिळ्या होतात. पक्षांतरबंदीवर माझ्याकडे आलेल्या नोट्समध्ये एक तृतीयांश आमदार फुटले तर ती पक्षातली फूट मानतात आणि त्यांची आमदारकी जात नाही, असं होतं. १९८५ मध्ये आलेल्या राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात तसं होतंही, पण ती सवलत २००३ च्या घटनादुरुस्तीने गेली. हा विषय घेतलात तर रोजचा पेपर वाचावाच लागेल. काहींना हाच त्याचा गुण वाटेल.

स्पर्धा परीक्षांवरून निवड करू नका एवढंच म्हणेन. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेला दोन्ही विषय वैकल्पिक म्हणून घेता येतात आणि सामान्य अध्ययनात दोन्ही वाचावेच लागतात.

व्याख्यांचा दोष विषयाचा नसून आमच्या नोट्सचा असेल, हे मला मान्य आहे. राज्यशास्त्र घेतलेला माझा मित्र तर म्हणतो, एमएला गेलं की ही कटकट संपते, उलट तिथे एकेका संकल्पनेवर महिनाभर वाद घालतात. असेल. पण त्याआधी बीएची दोन-तीन वर्षं काढायची असतात. मला आज पुन्हा फॉर्म दिला तर इतिहास मेजर आणि राज्यशास्त्र मायनर असंच भरेन. ज्याला नियम, निकाल आणि निवडणुका यांतच रस आहे, त्याने उलट भरलं तरी मी अडवणार नाही.

फॉर्म भरण्याआधी एक करा. ग्रंथालयातून दोन्ही विषयांच्या मागच्या चार-पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका काढा आणि ‘व्याख्या सांगून’ या शब्दांनी किती प्रश्न सुरू होतात ते मोजा. आमच्या एफवायच्या राज्यशास्त्राच्या पेपरात आठांपैकी पाच होते.