पवनचक्कीला गाडीचा अल्टरनेटर लावायचा की हातानं बांधायचा?

मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवर गाडीचा जुना अल्टरनेटर, म्हणजे फिरवला की एसी वीज देणारं यंत्र, घासाघीस करून स्वस्तात मिळतो, त्या एसीचं डीसी करणारे डायोडही आत आयते बसवलेले. त्यामुळे घरची पवनचक्की करायला निघालेला माणूस आधी तिकडेच वळतो. मीही वळलो होतो.

पात्यांचा व्यास 1.8 मीटर धरा. वारा सेकंदाला 4 मीटर असेल तर हाती 30 वॉट लागले तरी खूप, आणि पाती फिरणार मिनिटाला जेमतेम 250 फेरे. गाडीच्या अल्टरनेटरला चार्जिंग सुरू करायलाच हजाराच्या आसपास फेरे लागतात. म्हणजे पट्टा-पुली आली, तिचं घर्षण आलं. शिवाय त्यात कायमचे चुंबक नसतात, म्हणून चुंबकत्व आणणाऱ्या फील्ड कॉइलला बॅटरीतून 2 ते 3 अँपिअर द्यायचे, म्हणजे 12 व्होल्टवर 24 ते 36 वॉट. कमावले तीस, खाल्ले तीस! वारा पडला की आमचा तर उलट बॅटरीच पीत बसायचा.

हातानं बांधायच्या प्रकारात पात्यांबरोबर फिरणाऱ्या दोन लोखंडी चकत्या, प्रत्येकीवर 12 निओडिमियम (फार जोरकस) चुंबक, आणि मधे रेझिनमध्ये ओतलेल्या 9 कॉइल, म्हणजे न फिरणारा स्टेटर. तीन फेज, म्हणजे तीन-तीन कॉइलचे तीन गट, आणि त्यांची एकेक टोकं एकत्र बांधलेली स्टार जोडणी. कॉइलमध्ये लोखंड नसल्यानं चक्की अडखळत नाही, झुळुकीतही सुटते. तार लोहार चाळीत मिळते, बेअरिंग नागदेवीला. महाग पडतात ते चुंबक. आणि दुसरी चकती बसवताना जॅक-बोल्टवरच, म्हणजे लांब बोल्ट फिरवत हळूहळू, उतरवा. मी हातानं धरायला गेलो, अंगठ्याचं नख गेलं.

कॉइलला तारेचे वेढे किती, हा प्रश्न सगळ्यांना छळतो. स्टेटर ओतण्याआधी एका फेजच्या तीन कॉइल जोडून चकत्यांमध्ये धरा, सेकंदाला एक फेरा द्या, मल्टिमीटर एसीवर ठेवा. वरच्या मापाच्या पात्यांना आणि 24 व्होल्टच्या बॅटरीला साधारण 2.6 व्होल्ट दिसले पाहिजेत. कमी दिसले तर आधी चकत्यांमधली फट कमी करून बघा. वेढे वाढवले की तेवढ्याच जागेत तार बारीक घ्यावी लागते आणि ती तापते. 12 व्होल्टच्या फंदात पडू नका: एसीचं डीसी करणारा डायोड ब्रिज 1.4 व्होल्ट तिथेही खातोच, आणि तेवढ्याच वॉटला 24 वर केबलमधला तोटा चौथाई होतो.

आणि बीएलडीसी (आत चुंबक असलेल्या, ब्रश नसलेल्या) पंख्याची मोटर अल्टरनेटर म्हणून? शाळेच्या प्रकल्पाला ठीक.

मुंबईची खारी हवा मात्र हातच्या अल्टरनेटरवरच उठते. चुंबकाच्या निकेल मुलाम्याला ओरखडा गेला की आतून गंज धरतो, चुंबक फुगून स्टेटरला घासतो. म्हणून चुंबकांवरही रेझिन ओता. पावसाळ्यात वारा दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते, कॉइल तापतात, आणि साधे चुंबक 80 अंशांपलीकडे कमजोर पडायला लागतात. तेव्हा चक्कीला वाऱ्यातून बाजूला वळवणारी मुडपती शेपटी हवीच.

सोसायटीच्या गच्चीवर टाकीच्या आडोशालाच जागा मिळणार असेल, तर दोन्ही नकोत. अलिबागकडे मोकळ्यावर घर असेल, तर पैसे चुंबकांवर घाला.