नॅशनल गॅलरी सिंगापूर: चित्रं बघाच, पण खिडकीतून मैदान बघायला विसरू नका

आधीच सांगून टाकते, मला चित्रकलेतलं काही कळत नाही. शाळेत एलिमेंटरीला सी ग्रेड होती, त्यामुळे ब्रशचे फटकारे कसे आहेत वगैरे वाचायचं असेल तर हा रिव्ह्यू तुमच्यासाठी नाही. मी २०१४ ते २०१७ सिंगापूरला नोकरीला होते, ह्या डिसेंबरमध्ये आई आणि आत्याला घेऊन परत गेले, आणि आठ दिवसांच्या ट्रिपमध्ये सगळ्यात पैसा वसूल कुठे झाला म्हणाल तर इथे. युनिव्हर्सल नाही, जहाजाच्या आकाराचं ते हॉटेल नाही, इथे.

त्याच्या आदल्या दिवशी आम्ही एक सिटी टूर घेतली होती, नाव लिहीत नाही, पण माणशी बरेच डॉलर घेऊन त्याने आम्हाला ह्याच बिल्डिंगसमोरून बसमधून नेलं आणि "लेफ्ट साइड ओल्ड सिटी हॉल, राइट साइड पडांग" एवढं बोलून सरळ सिंहाच्या पुतळ्याकडे पिटाळलं, तिथे फोटोला वीस मिनिटं आणि नंतर चॉकलेटच्या दुकानात पाऊण तास. आत्या म्हणाली अगं मैदान काय दाखवतोय हा, मैदानं काय आपल्याकडे नाहीत का. तेव्हाच ठरवलं की उद्या आपलं आपण यायचं.

तर गॅलरी म्हणजे दोन जुन्या सरकारी इमारती जोडून केलेली आहे. एक सिटी हॉल, १९२९ ची, आणि शेजारची जुनी सुप्रीम कोर्टाची, १९३९ ची, घुमटवाली. मधल्या जागेवर काच आणि धातूचं छप्पर टाकलंय आणि वरून पूल काढलेत, त्यामुळे तुम्ही कोर्टात आहात की सिटी हॉलमध्ये हे दर दहा मिनिटांनी विसरायला होतं. आम्ही तर एकाच जिन्यापाशी तीनदा आलो पण त्यात चूक माझीच, नकाशा हातात घेऊन गप्पा मारत होते. सिटी हॉल मेट्रो स्टेशनपासून पाच-सात मिनिटं चालत. तिथल्या नागरिकांना आणि पीआरवाल्यांना (कायम राहायचा परवाना असलेल्यांना) कायमची दालनं फुकट, आपल्याला तिकीट आहे, सध्याचा दर जायच्या आधी बघून घ्या.

आता मुद्द्याचं. ही गॅलरी लोकांसाठी उघडली २४ नोव्हेंबर २०१५ ला. आणि २०१५ हे सिंगापूरचं काय वर्ष होतं हे जे तेव्हा तिथे होते त्यांनाच माहीत. स्वातंत्र्याला ५० वर्षं, जिकडे बघाल तिकडे लाल गोलात एसजी५०, बसवर, दुधाच्या पाकिटावर, केकवर, ऑफिसच्या लिफ्टमध्ये सुद्धा. आणि त्याच वर्षी मार्चमध्ये ली क्वान यू, सिंगापूरचे पहिले पंतप्रधान, गेले. २३ मार्चला पहाटे, वय ९१. म्हणजे ज्याने घर बांधलं तो माणूस घराच्या पन्नाशीला साडेचार महिने राहिले असताना गेला.

मला खरं तर त्यांच्याबद्दल फार काही वाटत नव्हतं, कडक शिस्तीचा माणूस, विरोधकांना कोर्टात खेचणारा, एवढंच ऐकून होते. पण आमच्या रिसेप्शनवरची आंटी, साठीची, मला म्हणाली तू येतेस का माझ्यासोबत, मला एकटीला रात्रीचं जमणार नाही. पार्लमेंट हाउसमध्ये पार्थिव ठेवलेलं आणि रांग ह्या पडांग मैदानावर. गर्दी बघून चोवीस तास उघडं ठेवलं, मेट्रो सुद्धा रात्रभर. आम्ही रात्री अकराला उभ्या राहिलो आणि पहाटे पाचनंतर आत पोचलो, आत किती वेळ, तर अर्धा मिनिट, मान खाली घालायची आणि पुढे. आपल्या लालबागच्या रांगेची आठवण झाली पण इथे ढकलाढकली नाही, आवाज नाही, कोणीतरी अनोळखी लोक पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटं वाटतायत, म्हाताऱ्यांची रांग वेगळी. पार्लमेंटमध्ये साडेचार लाखांच्या वर लोक येऊन गेले चार दिवसांत, देश केवढा तर तेव्हा ५५ लाखांचा. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, रात्रभर उभी होतीस, तुझं कोण गं लागत होतं ते? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

२९ मार्चला अंत्ययात्रा, धो धो पाऊस, तोफगाडा ह्याच मैदानासमोरून गेला, मैदानावरून २१ तोफांची सलामी. मोदी पण गेले होते, भारतात त्या दिवशी राष्ट्रीय दुखवटा होता हे कितीजणांना आठवतंय?

नंतर वर्ष असं धावलं की विचारू नका. जूनमध्ये सी गेम्स, म्हणजे आग्नेय आशियाई देशांच्या स्पर्धा, घरच्या मैदानावर ८४ सुवर्णं. जुलैत बोटॅनिक गार्डनला युनेस्कोचा वारसा दर्जा. ९ ऑगस्टला परेड परत ह्याच पडांगवर, त्याआधी ७ तारखेची जादा सुट्टी देऊन चार दिवसांचा वीकेंड केलेला. सकाळी नऊला ली क्वान यूंच्या आवाजात आधी रेकॉर्ड केलेली स्वातंत्र्याची घोषणा टीव्ही-रेडिओवर लावली. गंमत म्हणजे १९६५ ला ती रेडिओवर निवेदकाने वाचली होती, स्वतः ली त्या दिवशी मलेशियापासून वेगळं व्हावं लागलं म्हणून टीव्हीसमोर रडले होते. मग ११ सप्टेंबरला निवडणूक, स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच सगळ्याच्या सगळ्या जागांवर लढत, तरी सत्ताधारी पीएपी पक्षाला ८९ पैकी ८३. आणि निकालाचा गुलाल (म्हणजे तिथे गुलाल नसतो, पण समजून घ्या) खाली बसतो न बसतो तोच धूर.

धुराचं थांबून सांगते कारण ते गॅलरीत एका चित्रासमोर आठवलं. इंडोनेशियात जंगलं आणि दलदलीची जमीन पेटवतात, पाम तेल आणि कागदाच्या लागवडीसाठी, ती जमीन आतल्या आत धुमसत राहते आणि वारा फिरला की धूर सिंगापूरवर. २०१५ ला इतका वाईट झाला की २५ सप्टेंबरला शाळा बंद ठेवल्या. खिडक्या बंद, मास्क, घशात जळका वास, समोरची बिल्डिंग दिसेना. तर आग्नेय आशियाच्या दालनात, कोर्टाच्या बाजूला, रादेन सालेह नावाच्या जावातल्या चित्रकाराचं एक अवाढव्य चित्र आहे, आपल्या हॉलची भिंत पुरणार नाही एवढं. १८४९ चं. जंगलाला वणवा लागलाय आणि वाघ वगैरे सगळी जनावरं जीव घेऊन पळत कड्याच्या टोकाला आलीयत, मागे आग पुढे दरी. चित्र त्याने नेदरलँड्सच्या राजाला दिलेलं. आई त्या समोरच्या बाकावर बसली ती उठेना, गुडघे हे एक कारण, पण म्हणाली अगं त्या वाघाकडे बघ, शिकार समोर आहे पण त्याचं लक्षच नाही. सी ग्रेडवाल्या मला ते दिसलं नव्हतं.

सिटी हॉलच्या बाजूला सिंगापूरच्या चित्रकारांचं दालन आहे. तिथलं चुआ मिया टी ह्यांचं १९५९ चं चित्र चुकवू नका, टेबलाभोवती बसून वेगवेगळ्या वंशांची माणसं मलय शिकतायत. तेव्हा स्वराज्य नुकतंच मिळालेलं, मलय राष्ट्रभाषा होणार म्हणून चिनी पोरंपोरी पण वह्या घेऊन बसलीयत. फळ्यावर दोन प्रश्न लिहिलेत. पहिला, सियापा नामा कामू. आई म्हणाली थांब, नामा म्हणजे नाव ना? हो, तुझं नाव काय. दुसरा, तू कुठे राहतोस. देश नवीन, आणि धडा पहिला हा. मी तीन वर्षं वर्क पासवर काढली, दर फॉर्मवर हेच दोन रकाने पहिले भरले, त्यामुळे मी जरा जास्तच वेळ उभी राहिले तिथे.

आत्याला मात्र कोर्ट आवडलं. आरोपींच्या जुन्या कोठड्या जपून ठेवल्यात, तिथे तिने आठ सेल्फी काढले. आणि कोनशिलेखाली एक टाइम कॅप्सूल पुरलीय, जी ३००० सालापर्यंत उघडायची नाही. आत्या म्हणाली आमच्या सोसायटीत पाण्याची टाकी कधी धुवायची ते ठरत नाही आणि ह्यांनी ३००० चं ठरवून ठेवलंय.

शेवटी सिटी हॉलच्या बाजूने वर गच्चीसारख्या मोकळ्या जागेत जा. पाय दुखत असतील तरी जा, लिफ्ट आहे. समोर अख्खं पडांग पसरलेलं, दोन टोकांना दोन क्लब, पलीकडे समुद्राकडच्या काचेच्या बिल्डिंगा. मी आईला बोटाने दाखवत गेले, ही बघ रांग इथून वळत होती, तोफा त्या तिथे, ऑगस्टला विमानं इकडून आली, सप्टेंबरात फॉर्म्युला वनच्या गाड्या ह्याच रस्त्यावरून. खाली त्या पायऱ्या दिसतात ना, १९६३ ला मलेशियात सामील झाल्याची घोषणा तिथून, त्याआधी १९४५ ला जपानची शरणागती ह्याच बिल्डिंगमध्ये. आई दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, म्हणजे शिवाजी पार्कच आहे की हे! क्रिकेट पण, परेड पण, सभा पण आणि शेवटची गर्दी पण. मी तीन वर्षं तिथे राहून मला हे सुचलं नव्हतं. बसवाल्याला तर नाहीच.

आणि ह्याच मैदानावर ५ जुलै १९४३ ला नेताजींनी आझाद हिंद सेनेसमोर चलो दिल्लीची हाक दिली. त्यांची झाशीची राणी रेजिमेंट पण सिंगापूरचीच, हे कळल्यावर आत्या म्हणाली आपल्या तांब्यांची मनू कुठवर पोचली बघ. मैदान ओलांडून एस्प्लनेड पार्कमध्ये आझाद हिंद सेनेच्या स्मारकाची खूण आहे, मूळ स्मारक ब्रिटिशांनी परत आल्यावर पाडलं. छोटीशी आहे, शोधावी लागते, पण जा.

वेळ: निदान तीन तास, आम्हाला साडेचार लागले. चपला नको, बूट घाला. आत एसी सणसणीत, आईसाठी शाल न्या. स्टार पाचपैकी पाच. त्या सिटी टूरला एक, तो पण बस स्वच्छ होती म्हणून.

संध्याकाळी एका फूड सेंटरमध्ये 'तेह तारिक' प्यायला बसलो, तो उंचावरून ओतलेला फेसाळ चहा. चहावाली मलय बाई, डोक्याला स्कार्फ, आईच्याच वयाची. आईने कप घेता घेता तिला एकदम विचारलं, सियापा नामा कामू? बाई जोरात हसली, नाव सांगितलं आणि मलयमध्येच भराभर काहीतरी विचारलं. आई माझ्याकडे वळली, काय म्हणतेय गं? म्हटलं फळ्यावरचा दुसरा प्रश्न, कुठे राहता म्हणतेय.

"मग सांग ना तिला," आई म्हणाली, "डोंबिवली ईस्ट."