खडेबाजारचं ‘वरचं दुकान’ आणि माझा काळा पडदा

लॅपटॉप दुरुस्तीच्या या दुकानाला पाचपैकी चार तारे. एक कापलाय, तो का ते खाली येईलच. आधी पत्ता, कारण तो सापडत नाही अशी सगळ्यांची ओरड आहे.

बेळगावात खडेबाजार दोन. एक गावातला, एक शहापूरचा. हे दुकान गावातल्या खडेबाजाराच्या एका बोळात आहे. खाली वह्या-पेनांचं दुकान, त्याच्या अंगाने अंधारा जिना, मोजून एकोणीस पायऱ्या. पाटी होती म्हणे, एका पावसाळ्यात वाऱ्याने गेली, पुन्हा कुणी लावली नाही. नाव विचारलं तर दुकानदार काका म्हणाले, “वरचं दुकान म्हणा की, सगळे तसंच म्हणतात.”

मी उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांसाठी पॅटर्नची, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा पाडतात त्या नमुन्याची डिझाइनं करते. घर अनगोळात, तिसरं रेल्वे गेट ओलांडलं की कामाची सगळी माणसं हाकेच्या अंतरावर. ड्रॉइंग आलं की त्याचं थ्रीडी मॉडेल करायचं, बिडाला साधारण एक टक्का श्रिंकेज (थंड होताना आकसणं) धरायचं, ड्राफ्ट (साच्यातून सुटायला थोडा उतार) द्यायचा, आतल्या पोकळीसाठी कोअर बॉक्स वेगळा काढायचा, असा उद्योग. लॅपटॉप बंद म्हणजे चूल बंद.

त्या सोमवारी सकाळी बटण दाबलं. कंपनीचा लोगो आला, खाली ठिपक्यांचं चक्र फिरलं आणि पडदा काळा. पंखा चालू, कॅप्स लॉक दाबला की दिवा लागतोय, विझतोय. म्हणजे आत धुगधुगी होती, नुसतं तोंड मिटलेलं. आदल्या दिवशी रविवारी माझा पुतण्या आला होता आणि त्याने त्यावर कसला तरी गेम टाकला होता. मी फोन करून त्या पोराला जे काही बोलले ते इथे लिहीत नाही. “काकू, मी फक्त रीस्टार्ट केला गं,” एवढंच तो म्हणत राहिला.

पहिल्यांदा गेले ते एका काचेच्या दाराच्या, एसी असलेल्या दुकानात. नाव नको. तिथल्या मुलाने लॅपटॉप उघडला, काळा पडदा बघितला, झाकला. “डिस्प्लेची चिप गेलीय मॅडम. मदरबोर्ड काढावा लागेल, साडेनऊ हजार धरून चला. नाहीतर आधी फॉरमॅट मारून बघूया.” फॉरमॅट म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. सहा वर्षांचे पॅटर्न त्यात. अर्धे पेनड्राइव्हवर आहेत, अर्धे ‘उद्या घेते’ म्हणून राहिलेले. लॅपटॉप बगलेत मारून तशीच बाहेर पडले.

वरच्या दुकानाचं मला कळलं ते एका फाउंड्रीतल्या पॅटर्न मिस्त्रींकडून. ते लाकडात काम करणारे, त्यांचा कॉम्प्युटरशी संबंध फक्त मुलाच्या ऑनलाइन फॉर्मपुरता. पण म्हणाले, “त्यो माणूस आधी बघतो, मग हात लावतो.”

वर एक टेबल, एक ट्यूबलाइट, भिंतीवर ओळीने टांगलेले चार्जर. काका साठीच्या आसपासचे, कपाळावर चष्मा. हाताखाली एक पोरगा, बैलहोंगलकडचा, कानडी बोलणारा. मी सगळी कहाणी सांगितली, चिप गेल्याचंही सांगितलं. काकांनी काही न बोलता बटण दाबून एफ टू धरलं. पडद्यावर बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा निळा-पांढरा मेनू आला, अगदी ठसठशीत.

“ह्ये दिसूलंय न्हवं?”

“दिसतंय.”

“मग पडदा मेला कसा? विंडोज यायच्या आधी दिसतंय, विंडोज आलं की जातंय. मधे काय येतंय? ड्रायव्हर येतोय.”

एवढी साधी गोष्ट. बायोस स्वतःपुरतं साधं चित्र काढतो, त्याला विंडोजचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजच्या वतीने ग्राफिक्सची चिप चालवणारा प्रोग्रॅम, लागत नाही. तिथे चित्र आलं म्हणजे पॅनेल आणि त्याची केबल धड आहेत. ही तपासणी करायला अर्धं मिनिट लागलं. काचेच्या दुकानात तेवढंही दिलं नव्हतं.

मग त्यांनी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबली. बीप वाजला, पडदा एकदा लुकलुकला, परत काळा. ही बटणं ग्राफिक्सचा ड्रायव्हर जागच्या जागी पुन्हा चालू करतात, कधी कधी तेवढ्यावरच भागतं. आमचं भागलं नाही. तेव्हा त्यांनी लोगो आला की पॉवरचं बटण दाबून धरून बंद, असं तीन वेळा केलं. असं वारंवार झालं की विंडोज स्वतःच दुरुस्तीच्या पानावर जातं. ते आलं, आणि लगेच पुढे एक निळं पान: बिटलॉकरची (डिस्कला कुलूप घालणाऱ्या विंडोजच्या सोयीची) रिकव्हरी की टाका, ४८ आकडी.

मी म्हटलं मी असलं काही लावलेलं नाही. काका म्हणाले, “तुम्ही लावत नाही हो, मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं आत शिरलात की नव्या लॅपटॉपात आपोआप लागतंय. तुमचं कुलूप, तुमची किल्ली, आणि तुम्हालाच पत्ता नाही.” आणि वर हेही की हे कुलूप लागलेलं असताना कुणी फॉरमॅट मारला असता तर मागाहून फायली काढायची आशाच नव्हती. ते ऐकून मी तिथल्या स्टुलावर बसले. खुर्ची नाही, स्टूलच आहे.

किल्ली त्याच खात्यात ठेवलेली असते. माझ्या मोबाइलवर खातं उघडलं, पासवर्ड तिसऱ्यांदा बरोबर पडला. काकांनी लॅपटॉपवरचा की-आयडी आणि मोबाइलवरचा आयडी आधी जुळवून घेतला, कारण घरातल्या जुन्या लॅपटॉपची किल्लीही त्याच यादीत पडलेली होती. मग वाचायला मी आणि टाइप करायला तो पोरगा. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. मी सवयीने जोडीजोडीने वाचायला लागले, “एकोणसाठ, त्र्याहत्तर...” पोरगा थांबला. “अक्का, एकोणसाठ मतलब?” मराठीतलं एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे प्रकरण बाहेरच्याला समजावून सांगणं म्हणजे श्राद्धालाही लागत नाही एवढा वेळ लागतो. शेवटी मीच कानडीवर आले. ऐदु, ओंबत्तु, एळु, मूरु. शून्याला सोन्ने. बेळगावात वाढले, भाजीबाजारात कानडी आकडे ऐकतच मोठी झाले, पण ते लॅपटॉपचं कुलूप उघडायला कामाला येतील असं वाटलं नव्हतं. एकदाही चूक न होता दार उघडलं.

पुढे स्टार्टअप सेटिंग्जमधून चार नंबरचं बटण दाबून सेफ मोड. सेफ मोडमध्ये विंडोज आपला जुजबी ड्रायव्हर वापरतं, त्यामुळे पडदा आला, चिन्हं मात्र हत्तीएवढी. माझ्या लॅपटॉपात ग्राफिक्स दोन आहेत: एक प्रोसेसरच्या पोटातलं, एक वेगळी एनव्हिडियाची चिप. मला वाटायचं मोठी चिप म्हणजे तीच सगळं करते. काकांनी समजावलं की अशा बहुतेक लॅपटॉपात पडद्याची तार पोटातल्या ग्राफिक्सला जोडलेली असते. मोठी चिप मॉडेल फिरवायचं जड काम करते आणि तयार चित्र धाकट्याच्या हातात देते, दाखवतो धाकटाच. धाकट्याचा ड्रायव्हर बिघडला की थोरला कितीही दमाचा असो, पडदा काळाच. भिंतीवर त्यांनी एक पट्टी चिकटवलीय: १०डीई एनव्हिडिया, ८०८६ इंटेल, १००२ एएमडी. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव आलंच नाही तरी हार्डवेअर आयडीतल्या या आकड्यांवरून कुणाचं काय ते कळतं.

‘रोल बॅक ड्रायव्हर’चं बटण फिकट पडलेलं होतं, म्हणजे परत जायला जुना ड्रायव्हर शिल्लकच नव्हता. तेव्हा काकांनी वायफाय बंद केलं, पेनड्राइव्हवरून डीडीयू नावाचा प्रोग्रॅम चालवला आणि दोन्हीचे ड्रायव्हर मुळापासून काढले. वायफाय बंद का? चालू ठेवलं तर साफसफाई होते न होते तोवर विंडोज आपल्या मनाने पुन्हा तोच ड्रायव्हर आणून बसवतं. रीस्टार्ट केल्यावर पडदा आला, पण उजेड कमी-जास्त होईना आणि सगळं फुगलेलं. “आता नुसता कंदील लावलाय,” काका म्हणाले. मग लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून, मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर घालून उतरवलेला ड्रायव्हर आधी धाकट्याला, नंतर थोरल्याला. एनव्हिडियाचे ड्रायव्हर दोन तऱ्हेचे मिळतात, एक खेळणाऱ्यांसाठी गेम रेडी आणि एक डिझाइनवाल्यांसाठी स्टुडिओ. माझं काम विचारून त्यांनी स्टुडिओ टाकला आणि बसवताना ‘क्लीन इन्स्टॉलेशन’वर खूण केली.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते यानंतरचं. विंडोज चालू झालं, वॉलपेपर आला, दुसरा कुणी असता तर म्हणाला असता झालं. काका म्हणाले, “तुमची सगळ्यात जड फाइल उघडा.” मी पंपाच्या केसिंगचं मॉडेल उघडलं, कोअरसकट. “फिरवा.” फिरवलं. “अजून. चहा येईपर्यंत फिरवत बसा.” चहा आला, प्यायला, मॉडेल फिरत होतं. मग त्यांनी विचारलं, हे बंद पडायच्या आधी पडदा मधेच क्षणभर काळा होऊन परत यायचा काय? यायचा! शुक्रवारी दोनदा झालं होतं, मी चार्जरची पिन हलवून गप्प बसले होते. ग्राफिक्स चिपने ठरलेल्या वेळेत, म्हणजे मूळ सेटिंगप्रमाणे दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज तिचा ड्रायव्हर पाडून पुन्हा उभा करतं, तीच ती लुकलुक. एखाद्या वेळेस झालं तर सोडून द्यावं, रोज व्हायला लागलं तर दाखवावं.

आणि अपडेट हिस्टरी. काकांनी ती यादी उघडून ड्रायव्हरचा भाग दाखवला. धाकट्याच्या डिस्प्ले ड्रायव्हरसमोर गुरुवारची तारीख. पुतण्या आला रविवारी. मी दिवसभर झाकण लावते, उघडते, बंद असा कधी करतच नाही, त्यामुळे गुरुवारी आलेली गोष्ट अर्धवट बसून राहिली आणि रविवारी पोराने रीस्टार्ट केल्यावर पुरती अंगावर आली. म्हणजे तो खरंच फक्त रीस्टार्ट करून गेला होता. जिना उतरून सरळ मिठाईवाल्याकडे गेले, पाव किलो कुंदा घेतला. त्याने तो खाल्ला, पण अजून तोंड फुगवूनच आहे.

ड्रायव्हरचं झाल्यावर काका म्हणाले पंखा जरा जास्त ओरडतोय, उघडू काय? विचारून उघडला. आत काळी भुकटी. ती ब्रशने एका पांढऱ्या कागदावर झाडली आणि कागदाखालून लोहचुंबक फिरवलं. निम्मी भुकटी कागदावर मुंग्यांसारखी चालायला लागली. लोखंड! फाउंड्रीत शेकआउटच्या, म्हणजे साचे फोडून ओतीव माल काढतात त्या जागेच्या शेजारी टेबल मांडून मी लॅपटॉप उघडते, ती माझीच कमाई. त्यावरून बोलणी बसली. आता फाउंड्रीच्या आत नुसती वही नेते.

बिल: ड्रायव्हरचे चारशे, पंखा साफ करून चिपवर उष्णता ओढणारी पेस्ट लावायचे साडेतीनशे. साडेनऊ हजारांच्या जागी साडेसातशे. वर एका चिठ्ठीवर दोन्ही ड्रायव्हरचे नंबर आणि तारखा लिहून दिल्या, ती मी झाकणाच्या आत चिकटवलीय. विंडोजने आपणहून ड्रायव्हर आणू नयेत म्हणून डिव्हाइस इन्स्टॉलेशनच्या सेटिंगमध्ये ‘नाही’ केलंय, शिवाय अपडेट पाच आठवडे थांबवलीत. त्याहून जास्त एकदम थांबवता येत नाहीत, आणि थांबवूही नयेत, सिक्युरिटीचं येऊ द्या, असं काकांनी दोनदा बजावलं. आज तीन आठवडे झाले, लुकलुक नाही.

बायोसचं अपडेटही करून द्या म्हणून मी मागे लागले होते. त्यांनी नाही म्हटलं. बाहेर झड लागलेली, ट्यूबलाइट मधेच मिणमिणत होती, दुकानात यूपीएस नाही. बायोस लिहिताना वीज गेली तर मात्र काचेच्या दुकानातल्या पोराचं म्हणणं खरं ठरलं असतं. नकाराचे पैसे कुणी देत नाही म्हणून इथे लिहून ठेवते.

आता कापलेला तारा. फोन उचलत नाहीत, म्हणजे उचलतच नाहीत. मी चार वेळा लावला, समोर बसून पाचव्यांदा लावून बघितला तर तो ड्रॉवरमध्ये वाजत होता. गुडघे दुखणाऱ्याला तो जिना म्हणजे राजहंसगड. एक काम हातात असलं की दुसऱ्याकडे बघत नाहीत, माझ्याआधीच्या प्रिंटरवाल्यापायी पाऊण तास भिंतीवरचे चार्जर मोजत बसले. आणि बोलतात फार. तुमची चूक असेल तर ती सगळ्या दुकानासमोर निघते, चुंबकासकट.

दुपारी दीड ते चार कुलूप असतं. संध्याकाळी सहानंतर गर्दी, त्यामुळे सकाळी अकराला गाठा. चार्जर बरोबर न्या. मायक्रोसॉफ्टच्या खात्याचा पासवर्ड घरीच एकदा घालून बघा, आणि जमलं तर ते ४८ आकडे कागदावर उतरवून न्या. पोराला वाचून दाखवणार असाल तर एकेक सुटा आकडा सांगा.