'15 बार'चं स्टिकर लावलेलं, पंपच नसलेलं एस्प्रेसो मशीन

तळाचे चार स्क्रू काढून मशीन उलटं केलं, बॅटरी मारून आत पाहिलं आणि पोटात गोळा आला. ॲल्युमिनियमची एक छोटी टाकी, तिच्याखाली हीटर, थर्मोस्टॅट, थोड्या वायरी. संपलं. समोर चकचकीत अक्षरांत '15 बार' (बार म्हणजे दाब मोजायचं एकक) लिहिलेल्या या मशीनमध्ये तो दाब देणारा पंपच नव्हता.

पैशांचं आधी सांगतो. रक्कम न लिहिता हिस्से देतो, म्हणजे ज्याचं जे बजेट असेल त्याला लावून बघता येईल. माझं एकूण बजेट 100 धरा. ठरवलं होतं की 60 मशीनला, 30 ग्राइंडरला आणि 10 वजनकाटा, टॅम्पर (कॉफीची पूड दाबून बसवायचा ठोकळा) वगैरेला. झालं असं की मशीनला 74, पाठवणावळ 5 आणि 'वाढीव वॉरंटी' 9. एकूण 88. त्यातले 40 कार्डाने दिले, 48 थेट खात्यात पाठवले. नंतर एका तंत्रज्ञाकडून लेखी दाखला घ्यायला आणखी 3 गेले. आजपर्यंत परत मिळाले 0.

आणि मी काही डोळे मिटून खरेदी करणारा माणूस नाही. दोन वर्षं मोका पॉटवर, म्हणजे शेगडीवर ठेवून वाफेच्या दाबाने कॉफी करायच्या भांड्यात, कॉफी करतोय. 18 ग्रॅम कॉफीतून साधारण 36 ग्रॅम एस्प्रेसो, 25 ते 30 सेकंदांत, हे मला पाठ होतं. खोक्यावरचा 15 किंवा 20 बार हा पंपाचा कमाल दाब असतो, कॉफीवर हवा असतो तो साधारण 9 बार, म्हणून 20 चं मशीन 15 पेक्षा सरस ठरत नाही, हेही माहीत होतं. वहीत सात मशीनचा तक्ता केला होता. एवढं करूनही फसलो, म्हणूनच लिहितोय. ज्याला काहीच माहिती नाही तो निदान चार जणांना विचारतो. मी विचारलं नाही, कारण मला वाटलं मला कळतं.

जाहिरात एका खरेदी-विक्रीच्या ॲपवर होती. 58 मिमीचा ग्रुप (जिथून पाणी कॉफीवर पडतं तो भाग), पितळी बॉयलर, 'खोकं उघडलेलं, न वापरलेलं'. त्या दर्जाच्या मशीनला इतरत्र 130 पडत होते, इथे 80. ॲपच्या बाहेर थेट पैसे पाठवले तर आणखी 6 कमी. मी थोडं थांबलो तर लगेच, "अर्धे कार्डाने द्या, म्हणजे तुम्हालाही खात्री." या वाक्याने मी विरघळलो. ॲपच्या बाहेर एक पैसाही पाठवू नका. अर्धासुद्धा नाही.

आता जाहिरातीतला तिसरा फोटो. पहिल्या दोन फोटोंत मशीन समोरून होतं, दुसऱ्याच कुठल्यातरी चांगल्या मॉडेलचं. तिसऱ्यात वरून घेतलेलं, आणि वरच्या बाजूला काळं, जाड, फिरकीचं झाकण. मी ते पाहिलं. मोठं करून पाहिलं. पंपाच्या मशीनला पाण्याची टाकी उचलून काढता येते आणि तिचं झाकण नुसतं वर टेकलेलं असतं, कारण त्या टाकीत दाब नसतोच, पंप तिथून थंड पाणी ओढून घेतो. फिरकीचं घट्ट झाकण लागतं ते वाफेच्या मशीनला. तिथे टाकी हाच बॉयलर, पाणी उकळून वाफ कोंडते आणि तीच पाण्याला कॉफीतून ढकलते. हे मला माहीत होतं! तरी मी मनाशी म्हणालो, नवीन डिझाइन असेल. 50 कमी पडतायत या आनंदात मी विक्रेत्याच्या वतीने मलाच समजावत बसलो. तो फोटो अजून मोबाइलमध्ये आहे आणि दर वेळी बघताना जिवाचा संताप होतो.

दुसरी खूण व्हिडिओत होती. कॉफी पडताना दिसत होती, पण वरून गाणं लावलेलं. पंप चालला की घर्रर्र असा आवाज येतो, तो लपवायचा नव्हता, तो नव्हताच म्हणून गाणं. न कापलेला, मूळ आवाजासकट व्हिडिओ मागा. गार मशीन चालू करण्यापासून कप भरेपर्यंत. टाळाटाळ झाली तर तिथेच सोडून द्या.

खोकं आलं ते हलकं होतं. सोबत चार कपांचं काचेचं भांडं. खालच्या पट्टीवर 800 वॅट. चालू केल्यावर काही मिनिटं शांतता, मग फुसफुस, मग पातळ काळं पाणी. बहिणीने एक घोट घेतला आणि म्हणाली, "दादा, ही तर तुझ्या त्या जुन्या पॉटचीच कॉफी आहे, थोडी करपलेली." तिचं खरं होतं. दोन्हीकडे दाब जेमतेम दीड बारच्या आसपास. वाफेने पाणी ढकलायचं हे तत्त्व एस्प्रेसो मशीनच्या सुरुवातीच्या, इटलीच्या बेझेराच्या 1901 च्या पेटंटइतकं जुनं. दाट क्रेमा, म्हणजे एस्प्रेसोवरचा तपकिरी फेस, कपात आला तो 1948 मध्ये इटलीच्याच गॅजियाच्या लिव्हर मशीनने दाब वाढवल्यावर. मला 88 घेऊन त्याच्या आधीचं यंत्र पाठवलं होतं. (असलं मशीन घरात असेल तर गरम असताना ते झाकण उघडू नका, आत वाफ कोंडलेली असते.)

तक्रार केल्यावर विक्रेता गोड बोलला. आधी म्हणाला 15 परत देतो, मशीन ठेवून घ्या. मग 30. मग म्हणाला मशीन परत पाठवा, खर्च तुमचा. तो निघाला 21, आणि दिलेला पत्ता कुरिअरवाल्याला सापडेना. यात 19 दिवस गेले. हे दिवस घालवण्यासाठीच ती बोलणी असतात. पहिल्याच दिवशी बँकेत व्यवहारावर हरकत नोंदवा, विक्रेत्याशी नंतर बोला.

आणि बँक! 40 कार्डाने गेले होते, तेवढे तरी सुटतील असं वाटलं. पहिलं उत्तर: 'वस्तू पोहोचल्याची नोंद आहे, तक्रार बंद.' वस्तू पोहोचली नाही असं मी म्हटलंच नव्हतं! वर्णनाप्रमाणे नाही, असं स्पष्ट लिहिलं होतं. पुन्हा अर्ज. आता म्हणे तज्ज्ञाचा दाखला द्या. आतले 11 फोटो दिले होते, तरी दाखला. तो दिला, 3 मोजून. मग म्हणे वस्तू परत करण्याचा प्रयत्न केल्याचा पुरावा द्या. सापडत नसलेल्या पत्त्यावर? कुरिअरची 'पत्ता अपूर्ण' ही पावती जोडली, तर दोन आठवड्यांनी नवीन अधिकारी आणि पहिलाच प्रश्न: "पार्सल मिळालं होतं ना?" चौदा फोन केले, प्रत्येक वेळी सगळं पहिल्यापासून सांगितलं. ॲपवाल्यांनी हात वर केले, पैसे आमच्यामार्फत गेले नाहीत. मान्य. पण जाहिरात तुमच्याकडे होती ना? तो विक्रेता 'पडताळलेला' होता ना? त्यावर छापील उत्तर. पोलिसांत गेलो तर समोरच्याने विचारलं, "कॉफी येते ना त्यातून?" येते. म्हणजे वस्तू चालते, म्हणजे फसवणूक कशी? दाब म्हणजे काय हे मी एका माणसाला टेबलापलीकडून वीस मिनिटं समजावलं. त्याने अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोच मागून घ्या, उभं राहून घ्या. मी घेतली नाही आणि पुढच्या वेळी अर्जच सापडला नाही.

बजेट कमीच असेल तर 1991 पासून चालत आलेल्या गॅजिया क्लासिकसारखं, सुटे भाग मिळणारं जुनं मशीन प्रत्यक्ष चालवून बघून घ्या, किंवा हाताने दाब द्यायचं लिव्हर यंत्र घ्या. ग्राइंडरच्या पैशाला हात लावू नका. "ग्राइंडरची गरज नाही" असं विक्रेता म्हणाला तर बास्केट, म्हणजे कॉफीची पूड भरायची जाळीची वाटी, बघायला मागा. खाली एकच बारीक छिद्र असेल तर कपात दिसणारा फेस त्या छिद्राचा, कॉफीचा नव्हे. 'वाढीव वॉरंटी'चा कागद कोण देतंय ते वाचा. माझ्या कागदावर कंपनीचं नावच नाही.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. विक्रेत्याचं नाव वेगळं, किंमत माझ्या हिशोबात 78, तिसरा फोटो तोच, झाकणासकट. मी लगेच कळवलं, सोबत माझे 11 फोटो जोडले. चार तासांनी उत्तर आलं: 'या जाहिरातीत नियमांचं उल्लंघन आढळलं नाही.'