फायरफॉक्स: दुकानात रोज वापरून झालेलं मत

माझं डीटीपीचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. तिथल्या सगळ्या संगणकांवर पहिला ब्राउझर फायरफॉक्स, आणि तो मी मुद्दाम ठेवलाय.

युनिकोड, म्हणजे अक्षरं साठवायची सगळीकडे सारखी पद्धत, रुळायच्या आधी मराठी दैनिकांच्या साइट आपापले फॉन्ट वापरायच्या. पानासोबत फॉन्ट पाठवायची एक्स्प्लोरर ब्राउझरवाल्या मायक्रोसॉफ्टची पद्धत वेगळी, तेव्हाच्या प्रतिस्पर्धी ब्राउझरवाल्या नेटस्केपची वेगळी. त्यामुळे एक्स्प्लोररमध्ये स्वच्छ दिसणाऱ्या बातमीच्या जागी दुसऱ्या ब्राउझरात रोमन अक्षरांचा नि चिन्हांचा नुसता खच दिसायचा. भांडण दोन अमेरिकन कंपन्यांचं, आणि वाचायचं अडायचं आपलं! नेटस्केप हरल्यावर तर एक्स्प्लोरर ६ (२००१) नंतरची आवृत्ती यायला २००६ उजाडलं. मधे २००४ साली फायरफॉक्स १.० आला म्हणून स्पर्धा पुन्हा जिवंत झाली. सगळ्यांना चालणारा वॉफ हा फॉन्टचा प्रकार अधिकृत मानक व्हायला मात्र २०१२ लागलं.

आज ऑपेरा, ब्रेव्ह, २०२० पासून एजसुद्धा, सगळ्यांच्या आत गूगलचंच क्रोमियम, म्हणजे क्रोमचाच गाभा. मग साइट बनवणारे तेवढ्यावरच तपासून मोकळे होतात. एका परीक्षेच्या फॉर्मला फायरफॉक्समध्ये फोटो चढवायचं बटणच हलेना. शेवटची तारीख, मुलगा समोर बसलेला. दुसऱ्या ब्राउझरात भरून दिला, म्हणून तोही ठेवावाच लागतो. पण हा दोष मी साइटवाल्यांचा धरते.

बाकी कामाला फायरफॉक्स चोख आहे. मेनू मराठीत आहेत, पीडीएफ आतच उघडते. जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन हे अ‍ॅड-ऑन (ब्राउझरला वरून जोडायची सोय) पूर्ण ताकदीनं चालतं. क्रोमनं त्याचा आधार काढून घेतला. कंटेनरचं अ‍ॅड-ऑन टाकलं की एकाच खिडकीत दोन गिऱ्हाइकांची लॉगिन वेगळी राहतात, फॉर्मच्या धंद्यात ही सोय अमोल आहे. बरेच टॅब उघडले की मेमरी खातो, हे खरं. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं बरंचसं उत्पन्न गूगलकडूनच येतं, याची मला जास्त काळजी वाटते.

अँड्रॉइडवर जरूर टाका, अ‍ॅड-ऑन तिथेही चालतात. भारतातल्या आयफोनवर मात्र नाव फायरफॉक्सचं असलं तरी आत पान दाखवणारं इंजिन अ‍ॅपलचं वेबकिटच असतं, त्यामुळे वरचं कौतुक त्याला लागू नाही.