‘काका, नोटीस येऊन राहिलीय’

मार्च 2024 मध्ये मी 68,500 रुपये मोजून आमच्या घरची धडधाकट सेप्टिक टँक बुजवून घेतली. ‘माझी फसवणूक झाली’ म्हटलं की लोक हळहळतात आणि विसरतात. पैसे देऊन स्वतःची चांगली टाकी बुजवली म्हटलं की हसतात, पण लक्षात ठेवतात. हसा खुशाल.

आमचं घर इंदूरला, कनाडिया रस्त्याच्या बाजूला. वडिलांनी 1998 मध्ये बांधलं तेव्हा आजूबाजूला गहू आणि सोयाबीन होतं. आता चहूकडे बंगले आहेत, पण आमच्या गल्लीपर्यंत ड्रेनेज लाइन अजून आलेली नाही. म्हणून मागच्या अंगणात सेप्टिक टँक आणि त्याच्या पुढे, टाकीतून निघालेलं पाणी जमिनीत जिरवणारा शोषखड्डा. घरात माणसं सहा. टाकी शेवटची कधी उपसली हे कुणालाच नीट आठवत नव्हतं. बायको म्हणे, थोरल्याच्या मुंजीआधी. म्हणजे अकरा वर्षं झाली.

तो ठेकेदार आला एका रविवारी सकाळी, पोहे चालू असताना. गणेशोत्सवातल्या ओळखीच्या एका गृहस्थांचं नाव सांगितलं. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात पट्टीला अडकवलेलं कार्ड. आणि मराठी बोलणारा! बाहेरगावच्या मराठी माणसाला याचं वजन कळायचं नाही. आम्ही चार-पाच पिढ्या इथले. दुकानात, रिक्षात, बँकेत दिवसभर हिंदी बोलतो. दारात कुणी ‘काका’ म्हणून आपल्या इंदुरी मराठीत बोलू लागलं की आपण आधी पाट मांडतो, मग चौकशी करतो.

“काका, नोटीस येऊन राहिलीय सगळ्यांना. जुन्या टाक्या आता चालणार नाहीत. आपली माणसं म्हणून आधी तुमच्याकडे आलो.”

त्याची थाप कोऱ्या कागदावरची नव्हती, खऱ्याला चिकटवलेली होती. ऑगस्ट 2021 मध्ये इंदूर देशातलं पहिलं ‘वॉटर प्लस’ शहर ठरलं, म्हणजे सांडपाणी प्रक्रियेशिवाय नदी-नाल्यांत न सोडणारं. त्यासाठी कान्ह आणि सरस्वती नद्यांत, नाल्यांत थेट सांडपाणी सोडणारी तोंडं शोधून बंद केली गेली. त्यात घरगुती तोंडंच पाच हजारांहून जास्त होती. लोकांना खरोखरच्या नोटिसा गेल्या होत्या, आमच्या जुन्या शेजाऱ्यांनाही. त्यामुळे ‘नोटीस’ हा शब्द ऐकून माझ्या पोटात जो गोळा आला, तो काही उगाच नव्हता. पुढे त्याने अशोकस्तंभाचं चित्र असलेला इंग्रजी कागद दाखवला. केंद्र सरकारचं मैला-गाळ व्यवस्थापनाचं 2017 चं धोरण. असं धोरण खरंच आहे. फक्त त्यात कुणाची जुनी टाकी बुजवा असं कुठेही नाही. टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसा, आणि तो गाळ नाल्यात न टाकता प्रक्रियेला न्या, असा त्याचा रोख आहे. मी तो कागद हातात धरला, गंभीर चेहऱ्याने पान उलटलं आणि परत दिला. वाचला नाही.

हिशोब असा होता: नवी ‘बायो-टँक’ बसवण्यासह 52,000, जुनी उपसून मुरमाने बुजवायला 9,000, ‘मंजुरी प्रमाणपत्र’ 4,000 आणि जिवाणूंची पावडर 3,500. ही पावडर टाकली की टाकी आयुष्यात उपसावी लागत नाही म्हणाला. 40,000 मी यूपीआयने दिले, तेही त्याच्या ‘मामाच्या’ खात्यावर. बाकी रोख.

आता जे सांगतो ते पैशांपेक्षा जड आहे. टाकी उपसायला तो टँकर आणेल असं मी धरून चाललो होतो. संध्याकाळी अंधार पडल्यावर दोन पोरं आली, दोरी आणि बादल्या घेऊन. एक जण कमरेला दोरी बांधून आत उतरला. नाकाला नुसता रुमाल. मी म्हटलं, “अरे, हे चालतं का?” ठेकेदार म्हणाला, “सवय आहे त्याला.” आणि मी गप्प बसलो. बसलो कसला, वर त्यांच्यासाठी चहा सांगितला. बायको आतून माझ्याकडे कशी बघत होती ते मला आठवतं.

बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो, मिथेन असतो. माणूस ओरडायच्या आत कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय कुणालाही असं उतरवणं हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि काम थेट दिलं की मधल्या माणसाकरवी दिलं, याने सुटका होत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली. म्हणजे आमच्या अंगणात हे चाललं होतं त्याच्या पाचच महिने आधी. पेपरात वाचलंही होतं. त्या पोराला काही झालं नाही, हे त्याचं नशीब आणि माझंही. सफाईच्या तक्रारीसाठी आणि यंत्राने टाकी उपसून घेण्यासाठी 14420 हा क्रमांक आहे, हे मला फार नंतर कळलं.

तीन दिवसांत काम झालं. अंगणात नवं काँक्रीट, त्यावर एक गोल झाकण, आणि माझ्या हातात गोल शिक्क्याचं लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र. मी ते फाइलला लावलं.

जुलैत पावसाने जोर धरला आणि न्हाणीघरातली मोरी गुळगुळ बोलू लागली. मग संडासातलं पाणी उतरेना. ठेकेदाराचा फोन आधी ‘व्यस्त’, नंतर बंद. शेवटी व्हॅक्यूम टँकर बोलावला. चालक मालवी माणूस, पन्नाशीचा. त्याने पाइप आत सोडला, यंत्र चालू केलं, आणि बिडी पेटवायच्या आत बंद केलं.

“बाउजी, ये टंकी है के बाल्टी?”

दोन मिनिटंही लागली नव्हती. त्याच्या टँकरच्या तळाला जेमतेम ओल आली असेल. मग त्यानेच काठी आत घालून माप घेतलं, आजूबाजूची माती उकरली आणि मला दाखवलं. घराघरांच्या गच्चीवर असते तसली काळी प्लास्टिकची पाण्याची टाकी, पाचशे लिटरची. लेबलसुद्धा काढलेलं नव्हतं. आत आडभिंत नाही. जाणारं पाणी वरचा तवंग आणि खालचा गाळ सोडून मधलं उचलावं म्हणून तोंडाशी जो इंग्रजी ‘T’ आकाराचा पाइप बसवतात तो नाही. गॅस जायला उभा पाइप नाही. आणि बाहेर पडणारा चार इंची पाइप कुंपणाच्या भिंतीखालून थेट रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात. सहा माणसांचा मैला चार महिने मी प्रमाणपत्रासकट गटारात सोडत होतो.

ऑगस्टमध्ये महापालिकेची खरी नोटीस आली. अर्थातच. गटारात मैला सोडल्याबद्दल. ती शेजारी ठेवून मी ते लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र काढलं, तेव्हा फरक एखाद्या शाळकरी पोरालाही कळला असता. खऱ्या नोटिशीवर जावक क्रमांक होता, तारीख होती, झोनचं नाव, सही करणाऱ्याचं पद, कुठल्या कायद्याखाली ते कलम, उत्तर द्यायची मुदत. आणि अख्ख्या नोटिशीत कुणाकडून काय विकत घ्या याचा एक शब्द नव्हता. दंडाची पावती मिळाली. पाहणीला आलेला निरीक्षक सभ्य होता. प्रमाणपत्र पाहून हसला नाही, यातच सगळं आलं.

माझ्या साडूंचे एक स्नेही सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीतून निवृत्त झालेले. त्यांना हातापाया पडून आणलं. आल्या आल्या त्यांनी विचारलं, “जुनी टाकी केवढी होती?” वडिलांच्या वहीत मापं होती: दोन मीटर लांब, नव्वद सेंटीमीटर रुंद, पाण्याची खोली सव्वा मीटर, दोन कप्पे. त्यांनी वही मिटली. म्हणाले, “तुमच्या वडिलांनी भारतीय मानकाच्या बरोबरीने काम करून घेतलं होतं. आयएस 2470. त्यात पाच माणसांच्या घरालासुद्धा दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि मीटरभर खोल पाणी लागतं. अकराशे लिटरच्या वर. तुम्ही सहा माणसांना पाचशे घेतलीत.”

मग शोषखड्डा. तो खरंच नीट चालत नव्हता, आणि त्याचं कारण टाकीत नव्हतंच, मातीत होतं. त्यांनी अंगणात हातभर खड्डा घेतला, तळाला थोडी खडी टाकली, पाणी भरलं आणि रात्रभर मुरू दिलं. सकाळी पुन्हा भरून घड्याळ लावलं. पाणी 25 मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात, एवढीच परीक्षा. तीस मिनिटांच्या आत उतरलं तर शोषखड्डा चालतो. साठच्या वर गेलं तर त्या जमिनीत खड्डा खणण्यात अर्थ नाही. आमच्या इथे तासाभराने पाणी त्या 25 मिलिमीटरच्या जेमतेम निम्मं उतरलं होतं. माळव्याची काळी माती! उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात लोण्याचा गोळा. ‘डग डग रोटी, पग पग नीर’ म्हणतात ना माळव्याला, ते नीर आमच्या शोषखड्ड्यात उभं होतं. या परीक्षेला खर्च शून्य. ठेकेदाराने ती केली नाही, कारण त्याला मातीशी काही देणंघेणं नव्हतं.

बोअरचंही त्यांनी विचारलं. मैल्याचं पाणी जमिनीत जिरतं ती जागा पिण्याच्या पाण्यापासून किमान 18 मीटर लांब हवी. आमचा प्लॉट 30 बाय 50 फुटांचा, म्हणजे त्याची अख्खी लांबीच पंधरा मीटर. तेव्हा बोअरचं पाणी धुण्याभांड्यांपुरतं, प्यायला नर्मदेचंच. शेजाऱ्यांनाही मी हे सांगून आलो. त्यांना राग आला, पण त्यांनीही पाणी तपासून घेतलं.

आणि मग या गोष्टीतला एकच आनंदाचा भाग. बुजवलेली टाकी कितपत वाचते ते पाहू म्हणून काँक्रीट फोडलं. खाली मुरूम निघाला चार बोटं. त्याखाली जुन्या टाकीचं झाकण. झाकणाखाली रिकामी टाकी, जशीच्या तशी! पठ्ठ्याने दोन ट्रॉली मुरमाचे पैसे घेतले आणि आळसाने दोन घमेली टाकली होती. त्याच्या लबाडीने माझे पैसे गेले, त्याच्याच लबाडीने वडिलांची टाकी वाचली. अभियंता काका एवढे हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

पाइप पुन्हा जुन्या टाकीला जोडले. शोषखड्ड्याऐवजी पुढे खडी भरलेला छोटा कप्पा केला, ज्यात पाणी खालून शिरून वर चढतं आणि गाळलं जातं. त्यातून निघालेल्या पाण्याचं काय करायचं हे त्यांनी झोनच्या कार्यालयात नकाशा दाखवून, विचारून, मगच ठरवलं. टाकी सुरू करताना आधी साध्या पाण्याने भरली आणि बादलीभर कुजलेलं शेण कालवून ओतलं. मानकातही हेच आहे म्हणे. 3,500 च्या पावडरीचं काम शेणाने फुकटात केलं. तो टँकरवाला तर म्हणाला होता की उपसतानाही तळाला थोडा गाळ ठेवायचा असतो, दह्याच्या विरजणासारखा. बायकोने त्या दिवशी ताक केलं नाही.

पैशांचं म्हणाल तर 1930 या सायबर फसवणुकीच्या तक्रार क्रमांकावर फोन केला, ठाण्यातही लेखी दिलं. ‘मामाचं’ खातं तोवर रिकामं झालं होतं. पावतीवर जीएसटी क्रमांक नव्हता, पत्ता अर्धा होता. गळ्यातल्या कार्डावर काय लिहिलं होतं असं हवालदाराने विचारलं. मला फक्त पट्टीचा रंग आठवत होता. निळा.

मग मी त्या गणेशोत्सवातल्या गृहस्थांकडे गेलो, चांगलं खडसवायला. ते बराच वेळ खाली बघत बसले. मग मला मागच्या अंगणात घेऊन गेले. तिथेही नवं काँक्रीट, वर गोल झाकण. त्यांनी डिसेंबरमध्येच बसवली होती आणि जानेवारीत त्यांना कळलं होतं. “कुणाला सांगणार?” म्हणाले. “संडासाची गोष्ट. आणि वर मीच फसलो म्हणून.” त्यांनी सांगितलं असतं तर माझे वाचले असते, हे ओठांवर आलं होतं. पण मीही तोवर साडू सोडून कुणाला सांगितलं नव्हतं. नंतर चौकशी केली तर आमच्या ओळखीतली आणखी दोन घरं निघाली, चौघांच्याही फाइलींत त्याच शिक्क्याचं प्रमाणपत्र. आता चौघांनी मिळून एकच तक्रार दिली आहे.

ती पाचशे लिटरची टाकी भंगारवाल्याने घेतली नाही. तीनदा धुऊन, उन्हात वाळवून, अर्धी कापून बायकोने त्यात अळू लावलंय. पानं सुपाएवढी झाली आहेत. वड्या अजून कुणी मागितलेल्या नाहीत.